उष्णोदकाचे उपासक : डॉक्टर एर्विन बेल्त्स

देवदर्शन झाल्यावर पुजारी पळीभर तीर्थ हातावर घालतात आणि आपण ते भक्तिभावाने प्राशन करून ओला हात मस्तकाला लावतो. देवाच्या स्नानाचे पाणी तेही तीर्थ, आणि ज्या क्षेत्री आपण यात्रेस जातो तेही तीर्थच. जल आणि देवस्थान यांचा संबंध आपल्या पूर्वजांच्या मनात किती खोल रुजला होता याची साक्ष ही आपली भाषाच देते. जेथे भूमीच्या उदरातून ऊन पाणी आपोआप वर येते, तेथे तर हा संबंध अधिकच दृढ झालेला आढळतो. वज्रेश्वरीच्या कुंडांवर जाऊन आलेल्या यात्रेकरूंना हे निराळे सांगावयास नको. सांधे मोकळे व्हावेत, अंगावरची खाज जावी म्हणून लोक तेथे स्नान करतात आणि मग देवीपुढे हात जोडतात.

आशिया खंडाच्या पूर्व टोकाला असलेल्या जपान देशातही नेमके असेच आहे. तेथील डोंगराळ प्रदेशात समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीवर कुसात्सु नावाचे गाव आहे. गावाच्या मध्यभागी कढत पाण्याचा प्रचंड झरा वाफा टाकीत वाहतो, आणि जवळच दगडी पायऱ्या चढून गेले म्हणजे कोसेन्जी हे बौद्ध मंदिर लागते. तेथील देवता म्हणजे याकुशी. संस्कृतात जिला भैषज्यगुरू म्हणतात तीच ही औषधदात्या बुद्धाची मूर्ती होय. इसवी सन ७२१ मध्ये ग्योकी नावाच्या भिक्षूने हे स्थान स्थापिले अशी परंपरागत समजूत आहे. या गावी एका गोऱ्या डॉक्टरचा पुतळाही मोठ्या आदराने उभारलेला आहे. हे डॉक्टर म्हणजे जर्मन वैद्य एर्विन बेल्त्स. परकी भूमीतील लोकांची पिढीजात ठेव त्यांनी शास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिली आणि तिचे मोल त्या लोकांनाच पटवून दिले. त्यांचे चरित्र आपणा सर्वांनाच विचार करावयास लावणारे असल्यामुळे ते येथे संक्षेपाने सादर करीत आहे.

डॉक्टर बेल्त्स यांचा जन्म १३ जानेवारी १८४९ रोजी दक्षिण जर्मनीतील व्युर्टेंबर्ग राज्यातील बीटिगहाइम या लहानशा नगरात झाला. त्या काळी जर्मनी हे एकसंध राष्ट्र झालेले नव्हते, लहानमोठी अनेक राज्ये तेथे नांदत होती. व्युर्टेंबर्गची राजधानी स्टुटगार्ट बीटिगहाइमपासून फार दूर नव्हती, आणि त्या राजधानीच्या अगदी शेजारी कानश्टाट येथे खनिज पाण्याचे झरे होते. त्याच राज्यातील विल्डबाड हे गाव तर ऊन पाण्याच्या स्नानासाठी कित्येक शतके प्रसिद्ध होते. युरोपातील धनिक लोक उन्हाळ्यात अशा ठिकाणी जाऊन राहत, ठराविक वेळी पाणी पीत, स्नान करीत, मोकळ्या हवेत फिरत आणि वैद्याच्या सल्ल्याने पथ्य पाळीत. बोहेमियातील कार्ल्सबाद हे अशा स्थानांचे मुकुटमणी मानले जाई. खनिज पाण्याने होणारी चिकित्सा ही गोष्ट बेल्त्स यांना अशा रीतीने स्वदेशातच परिचित होती.

शालेय शिक्षण संपल्यावर त्यांनी प्रथम ट्यूबिंगेन येथे व पुढे लायप्झिग येथे वैद्यकाचा अभ्यास केला. १८७० साली फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले, तेव्हा या तरुण विद्यार्थ्यास सैन्याच्या रुग्णसेवेत दाखल व्हावे लागले. रणभूमीवरील जखमी आणि तापाने फणफणलेले सैनिक पाहून आलेला हा तरुण पुन्हा लायप्झिगला परतला आणि १८७२ मध्ये पदवीधर झाला. तेथे त्यांना कार्ल वुंडरलिख यांच्यासारखे थोर गुरू लाभले. रुग्णाच्या अंगातील ताप उष्णतामापकाने नियमाने मोजावा व त्याची नोंद ठेवावी, ही आज सर्व जगात रूढ असलेली पद्धत वुंडरलिख यांनीच प्रस्थापित केली. सुमारे २५,००० रुग्णांच्या तापाची मापे घेऊन त्यांनी आपला ग्रंथ सिद्ध केला होता. अमुक असे वाटते, अमुक असे ऐकिवात आहे, यावर न विसंबता स्वतः पाहावे, मोजावे आणि मगच बोलावे, हा गुरुमंत्र बेल्त्स यांना येथे मिळाला.

१८७५ साली लायप्झिगच्या रुग्णालयात एक जपानी विद्यार्थी आजारी पडून दाखल झाला. बेल्त्स यांनी त्याच्यावर उपचार केले. पुढे याच ओळखीतून जपान सरकारचे निमंत्रण त्यांच्याकडे आले. तोक्यो येथील वैद्यक विद्यालयात दोन वर्षे अध्यापन करावे असा करार ठरला. १८७६ च्या जून महिन्यात ते जपानच्या किनाऱ्यावर उतरले, त्या वेळी त्यांचे वय अवघे सत्तावीस वर्षांचे होते. दोन वर्षांसाठी गेलेला हा माणूस त्या देशात सुमारे एकोणतीस वर्षे रमेल असे त्या वेळी कोणास वाटले असेल?

जपान त्या काळी मोठ्या संक्रमणातून जात होता. १८६८ मध्ये शोगुनांची सत्ता संपुष्टात येऊन मेजी सम्राटांच्या नावाने नवे राज्य सुरू झाले होते. पाश्चात्य राष्ट्रांच्या बरोबरीस यावयाचे तर त्यांची विद्या आत्मसात केलीच पाहिजे, असा निर्धार नव्या राज्यकर्त्यांनी केला होता. वैद्यकाच्या बाबतीत त्यांनी जर्मन पद्धतीची निवड केली आणि १८७१ मध्ये म्युलर व हॉफमन हे दोन जर्मन डॉक्टर तोक्योत आले. बेल्त्स त्यांच्या मागून आले. १८७७ मध्ये हे विद्यालय तोक्यो विश्वविद्यालयात समाविष्ट झाले. व्याख्याने जर्मन भाषेत होत आणि विद्यार्थी ती भाषा शिकून मग वैद्यक शिकत. प्रारंभी शरीरशास्त्र, पुढे रोगचिकित्सा, असे अनेक विषय बेल्त्स यांनी शिकविले. १९०२ पर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, त्यांनी हे अध्यापन केले. त्यांच्या हाताखालून सुमारे आठशे विद्यार्थी बाहेर पडले असे सांगतात. १८८१ मध्ये आलेले शस्त्रवैद्य युलियुस स्क्रिबा हे त्यांचे निकटचे सहकारी होते.

अध्यापनाबरोबर त्यांचे संशोधनही चालू असे. जपानमधील काही नद्यांच्या पूरग्रस्त काठांवर शेतकऱ्यांना एक घातक ताप येई. त्याचा अभ्यास करून कावाकामी या जपानी वैद्यासमवेत त्यांनी १८७९ मध्ये जर्मन नियतकालिकात निबंध लिहिला. पूर्व आशियातील अर्भकांच्या पाठीच्या खालच्या भागावर जो निळसर डाग दिसतो, त्याचे वर्णन त्यांनी १८८५ मध्ये केले, आणि त्यांनी दिलेले नाव वैद्यकीय ग्रंथांत रूढ झाले.

परंतु जपानमध्ये पाऊल ठेवल्यावर काही महिन्यांतच एका गोष्टीने ते अस्वस्थ झाले. तेथील सुशिक्षित तरुणांशी जपानच्या इतिहासाविषयी बोलावे, तर ते तरुण खाली मान घालीत. आमचे सर्व जुने रानटी होते, आम्हांला इतिहास असा नाहीच, आमचा इतिहास आता कोठे सुरू होत आहे, अशा आशयाची उत्तरे त्यांना मिळत. बेल्त्स यांना याचा अचंबा वाटला आणि दुःखही झाले. नवे घ्यावयाचे म्हणून जुने सारे टाकून द्यावयाचे, हा न्याय त्यांना कोता वाटे. त्यांनी ही खंत आपल्या दैनंदिनीत नमूद करून ठेवली आहे. त्या काळी पट्ट्याचे हात आणि मल्लविद्या या जपानच्या जुन्या कला मागे पडत चालल्या होत्या. अभ्यासाने क्षीण झालेल्या विद्यार्थ्यांना त्या कला उपकारक ठरतील असे बेल्त्स यांनी आग्रहाने प्रतिपादिले, आणि लोकांची अढी मोडावी म्हणून साकाकिबारा केनकिची या वृद्ध खड्गगुरूकडे जाऊन ते स्वतः ती विद्या शिकले. विश्वविद्यालयातील परकी प्राध्यापक हातात लाकडी तलवार घेऊन गुरूपुढे उभा राहिलेला पाहून तरुणांच्या मनावर काय परिणाम झाला असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी.

हीच दृष्टी त्यांनी उष्णोदकाच्या झऱ्यांकडे वळविली. जपान हा ज्वालामुखींचा देश असल्यामुळे तेथे असे झरे विपुल आहेत. शेतीची कामे उरकली की शेतकरी कुटुंबे अशा ठिकाणी जाऊन काही दिवस राहत, स्नाने करीत आणि ताजीतवानी होऊन परतत. पाश्चात्य विद्येच्या नव्या उत्साहात नवशिक्षित वैद्य याकडे खेड्यातील लोकांचा भाबडा प्रघात म्हणून पाहत. शिवाय जपानी लोक ज्या कढत पाण्यात बसतात, तितके कढत पाणी शरीरास अपायकारक असते, त्याने अंग दुर्बल होते व थंडी बाधते, असा युरोपातही समज होता. बेल्त्स यांनी आपल्या गुरूच्या शिकवणुकीप्रमाणे प्रत्यक्ष निरीक्षण केले. हिवाळ्यात कढत पाण्यातून निघून थंड हवेतून चालत घरी जाणारी माणसे त्यांनी पाहिली, आणि त्यांना काही अपाय होत नाही हे ध्यानात घेतले. कढत स्नानाविषयीचा युरोपीय समज चुकीचा आहे असे त्यांनी आपल्या देशबांधवांनाही पुढे लेखांद्वारे कळविले.

१८८० मध्ये त्यांचा जपानमधील खनिज झऱ्यांवरील ग्रंथ जपानी भाषेत सरकारतर्फे प्रसिद्ध झाला. इकाहो येथील झऱ्यांचा त्यात विशेष विचार होता. झऱ्याच्या पाण्याने गुण येतो हे खरे, परंतु कोणत्या पाण्याने कोणत्या रोगास गुण येतो हे जाणल्यावाचून स्नान करणे म्हणजे औषधाच्या दुकानातील कोणतीही बाटली उचलून पिण्यासारखे आहे, हे त्यांच्या प्रतिपादनाचे सार म्हणता येईल. पाण्याचे पृथक्करण व्हावे, स्नानाची वेळ व संख्या ठरविली जावी, रोग्यावर जाणत्या वैद्याची देखरेख असावी, स्नानगृहे स्वच्छ असावीत, हा त्यांचा आग्रह होता. लोकांची श्रद्धा त्यांनी मोडली नाही. त्या श्रद्धेला ज्ञानाची जोड मिळावी एवढीच त्यांची धडपड होती.

त्यांचे सर्वाधिक प्रेम मात्र कुसात्सुवर जडले. तेथील पाणी अतिशय आम्ल आहे, लिंबाच्या रसाशी तुलना करावी इतके. गावातील सर्व झरे मिळून मिनिटाला ३२,००० लिटरहून अधिक पाणी बाहेर पडते आणि मुख्य झऱ्याचे पाणी हात घालवणार नाही इतके कढत असते. त्यात थंड पाणी मिसळले तर त्याची शक्ती उणावते, म्हणून स्नान करणारे लोक हातांत लांब फळ्या घेऊन, एका सुरात गात, ते पाणी घुसळून निववितात. त्यानंतर डोक्यावर ऊन पाण्याचे अनेक तांबे ओतून घ्यावयाचे आणि स्नानप्रमुखाच्या आज्ञेने सर्वांनी एकदम पाण्यात उतरावयाचे, अशी रीत होती. स्नानप्रमुख वेळ पुकारी, बाकीचे एकमुखाने ओ देत, आणि सुमारे तीन मिनिटे झाली की आज्ञेनुसार सर्वजण एकदम बाहेर येत. या कडक शिस्तीच्या स्नानाचा बेल्त्स यांनी बारकाईने अभ्यास केला. अडाणी म्हणून हिणविल्या गेलेल्या या लोकांनी अनुभवाने एक शास्त्रशुद्ध रीत बसविली आहे, हे त्यांनी ओळखले.

कुसात्सुला केवळ पाण्याचे वरदान आहे असे त्यांना वाटत नव्हते. तेथील पर्वतावरची निर्मळ हवा आणि पिण्याचे उत्तम पाणी यांचाही रोग्यास तितकाच लाभ होतो, असे त्यांचे मत होते. असे स्थान युरोपात असते तर तेथे कार्ल्सबादपेक्षाही अधिक गर्दी लोटली असती, असे ते म्हणत. पाणी, हवा, पथ्यकारक आहार, चालण्याचा व्यायाम आणि मनाची विश्रांती या सर्वांचा मेळ बसला तरच झऱ्याची चिकित्सा फलदायी होते, हा त्यांचा सिद्धांत होता.

हाकोने पर्वतातील झऱ्यांशीही त्यांचा घनिष्ठ संबंध होता. साऱ्या राष्ट्राला आदर्श ठरेल असे एक भव्य स्नानचिकित्सालय उभारावे, अशी योजना त्यांनी १८८७ मध्ये राजपरिवाराच्या खात्याकडे सादर केली होती. त्याच परिसरातील मियानोशिता येथील फुजिया हॉटेलची एक हकीकत मोठी हृद्य आहे. १८८३ च्या सुमारास बेल्त्स तेथे उतरले असता, कामकरी मुलीचे हात थंडीने व सततच्या पाण्याने भेगाळलेले त्यांनी पाहिले. सम्राटांच्या राजधानीतील या विख्यात प्राध्यापकाने त्या मुलीच्या हातांसाठी ग्लिसरीन, अल्कोहोल, पाणी आणि अल्पसा पोटॅशचा क्षार यांचे एक साधे मिश्रण सिद्ध केले. बेल्त्स यांचे पाणी या नावाने ते औषध जपानभर प्रसिद्ध झाले आणि पुढे तेथील अधिकृत औषधसंहितेतही समाविष्ट झाले. मोठमोठे ग्रंथ विस्मृतीत जातात, परंतु एका दासीच्या हातांसाठी केलेले औषध पिढ्यान्‌पिढ्या घरोघर राहते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

कुसात्सु येथे स्वतःच एक आरोग्यधाम उभारावे हे बेल्त्स यांचे स्वप्न होते. त्या काळी परकीयांना देशाच्या अंतर्भागात प्रवास करावयास परवाना लागे, आणि प्रकृतीसाठी हवापालट हे परवान्याचे एक मान्य कारण असे. अशा परिस्थितीतही त्यांनी १८९० मध्ये कुसात्सु येथे सुमारे ६,००० त्सुबो, म्हणजे जवळजवळ पाच एकर, जमीन व झऱ्याचे पाणी मिळविण्याची व्यवस्था केली. परंतु ते आरोग्यधाम त्यांच्या हयातीत उभे राहिले नाही. ज्या गावाचे माहात्म्य त्यांनी जगाला सांगितले, त्याच गावी त्यांचा मनोरथ अपुरा राहिला. तथापि त्यांनी कुसात्सुवर राग धरला नाही. पुढेही ते तेथे जात राहिले, तेथील पाण्याविषयी लिहीत राहिले.

राजदरबारीही त्यांचा मोठा मान होता. मेजी सम्राटांचे आणि युवराज योशिहितो यांचे वैद्य म्हणून त्यांनी सेवा केली. युवराजांची प्रकृती लहानपणापासून नाजूक असे. समुद्रकाठच्या हवेने अशा प्रकृतीस बळ येते असे बेल्त्स यांचे मत होते, आणि हायामा हे स्थान त्यासाठी त्यांनी उचित ठरविले. १८९४ मध्ये तेथे राजपरिवाराचा प्रासाद बांधण्यात आला. पंतप्रधान इतो हिरोबुमी यांच्यासारखे मुत्सद्दीही त्यांच्या स्नेहातील होते. एवढ्या थोरांच्या सहवासात राहूनही त्यांची दृष्टी स्वच्छ राहिली. १८८९ मध्ये जपानला राज्यघटना मिळाली, तेव्हा साऱ्या तोक्यो नगरीत कमानी उभ्या राहत होत्या, दीपोत्सवाची सिद्धता चालली होती. मात्र त्या घटनेत काय लिहिले आहे हे कोणालाच ठाऊक नाही, अशी मिस्किल नोंद त्यांनी दैनंदिनीत केली आहे.

चरित्र लिहिताना थोरांच्या चुका झाकून ठेवण्याचा प्रघात आहे, परंतु सत्याचा अपलाप करणे उचित नव्हे. बेल्त्स यांच्या हातूनही एक मोठी चूक झाली. जपानमध्ये त्या काळी बेरीबेरी या रोगाने हजारो लोक मरत. पाय सुजत, अंग लुळे पडे आणि शेवटी हृदय बंद पडे. हा रोग जंतूंमुळे पसरतो असे बेल्त्स यांचे मत होते, आणि विश्वविद्यालयातील अनेकांनी तेच ग्राह्य धरले. जपानी नौदलातील डॉक्टर ताकाकी कानेहिरो यांनी मात्र हा आहाराचा दोष असल्याचे ओळखले. ऱ्युजो नावाच्या जहाजावरील प्रवासात १६९ खलाशांना हा रोग होऊन २५ जण दगावले होते. १८८४ मध्ये ताकाकी यांनी त्सुकुबा हे जहाज त्याच मार्गाने धाडले, परंतु खलाशांचा आहार बदलला. त्या प्रवासात या रोगाने एकही मृत्यू झाला नाही. सडून पांढऱ्याशुभ्र केलेल्या तांदळावरच निर्वाह केल्याने एक आवश्यक जीवनसत्त्व शरीरास मिळत नाही, हे कारण पुढे सिद्ध झाले. सैन्यात मात्र जंतूंचीच कल्पना दीर्घकाळ टिकून राहिली, आणि १९०४-०५ च्या रशियाबरोबरील युद्धात जपानचे हजारो सैनिक या रोगाला बळी पडले. स्वतः पाहावे व मोजावे हा मंत्र जपणाऱ्या विद्वानाचीही एका ठिकाणी अशी गफलत झाली. गुरूचे मत आहे म्हणून प्रत्यक्ष पुराव्याकडे पाठ फिरवू नये, हाच यातील धडा होय.

त्यांचा संसार जपानमध्येच झाला. त्यांच्या पत्नी हाना या तोक्योच्याच होत्या. त्यांना तोकु नावाचा मुलगा आणि उता नावाची मुलगी झाली. उता बालपणीच वारली. शेकडो रोग्यांना मृत्यूच्या दारातून परत आणणाऱ्या या वैद्याला स्वतःच्या लेकीला वाचविता आले नाही. नियतीपुढे वैद्य काय आणि राजा काय, सारे सारखेच! हे दुःख उरात बाळगून त्यांनी आपले काम पुढे चालू ठेवले.

२२ नोव्हेंबर १९०१ रोजी त्यांच्या अध्यापनसेवेच्या पंचवीस वर्षांनिमित्त विश्वविद्यालयात मोठा समारंभ झाला. अशा प्रसंगी सत्कारमूर्तीने गोड चार शब्द बोलून आभार मानावेत अशी रीत असते. बेल्त्स यांनी आभार तर मानलेच, परंतु आपल्या प्रिय शिष्यांना एक कटू सत्यही सांगितले. पाश्चात्य शास्त्र म्हणजे एखादे यंत्र असून ते कोठेही नेऊन बसविले की चालू लागेल, असा जपानमध्ये समज झाला आहे, आणि तो चुकीचा आहे, असे त्यांनी सांगितले. शास्त्र हा सजीव वृक्ष आहे. त्याला विशिष्ट भूमी लागते, हवा लागते, पिढ्यान्‌पिढ्यांची निगा लागते. परदेशातून आलेले शिक्षक येथे माळी होऊन तो वृक्ष लावू इच्छीत होते. तुम्ही मात्र त्यांना फळे विकणारे समजलात, तयार फळे घेतलीत, आणि ती फळे ज्या वृत्तीतून निपजतात ती वृत्ती घेतली नाहीत, असा त्यांच्या भाषणाचा आशय होता. ज्याचे शिष्यांवर निस्सीम प्रेम आहे तोच भरसभेत असे बोलू शकतो. आणि ते ऐकणाऱ्यांनी त्यांचा अनादर केला नाही, हेही जपानी लोकांना भूषणावह आहे.

१९०२ मध्ये ते अध्यापनातून निवृत्त झाले आणि १९०५ मध्ये पत्नीसह जर्मनीस परतून स्टुटगार्ट येथे राहू लागले. जपानमध्ये जमविलेला कलावस्तूंचा मोठा संग्रह त्यांनी बरोबर नेला होता. तो आज तेथील लिंडेन संग्रहालयात आहे. ३१ ऑगस्ट १९१३ रोजी वयाच्या चौसष्टाव्या वर्षी स्टुटगार्ट येथेच त्यांचे देहावसान झाले. हाना यांनी पुढे जपानला परत येऊन आपले उरलेले आयुष्य तेथे व्यतीत केले. पित्याच्या दैनंदिनीचे व पत्रांचे संकलन करून पुत्र तोकु यांनी १९३१ मध्ये ते ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले. मेजी काळच्या जपानची अंतरंगातील माहिती मिळविण्यासाठी अभ्यासक आजही त्या ग्रंथाचा आधार घेतात.

तोक्यो विश्वविद्यालयाच्या आवारात बेल्त्स व स्क्रिबा या दोन्ही मित्रांचे अर्धपुतळे १९०७ मध्ये, म्हणजे बेल्त्स हयात असतानाच, बसविण्यात आले. कुसात्सुनेही आपल्या उपकारकर्त्याची आठवण बुजू दिली नाही. तेथे त्यांचे स्मारक आहे, आणि १९६२ मध्ये कुसात्सु व बीटिगहाइम या दोन नगरांनी भगिनीनगरे म्हणून परस्परांशी नाते जोडले. १९४८ मध्ये जपानने उष्णोदकाच्या झऱ्यांविषयी स्वतंत्र कायदा केला. कोणत्या पाण्यास असा झरा म्हणावे, त्याचे पृथक्करण कसे व्हावे, याचे नियम आता तेथे आहेत. बेल्त्स यांनी १८८० मध्ये जो आग्रह धरला, त्याचे फळ अडुसष्ट वर्षांनी अशा रीतीने पदरात पडले.

आजचे वैद्यक या झऱ्यांविषयी काय सांगते हेही जाता जाता पाहिले पाहिजे. ऊन पाण्याने रक्तवाहिन्या विस्फारतात, स्नायू सैल होतात, पाण्यात शरीराचा भार हलका होत असल्यामुळे दुखऱ्या सांध्यांना विसावा मिळतो. आम्ल पाण्याने त्वचेवरील काही जंतू नाहीसे होतात. परंतु हे पाणी म्हणजे सर्व रोगांवरील रामबाण उपाय नव्हे. हृदयविकाराच्या रोग्यांनी, गर्भवती स्त्रियांनी आणि अतिवृद्धांनी फार कढत पाण्यात वैद्याच्या सल्ल्यावाचून उतरू नये. उघडी जखम असलेल्याने सार्वजनिक कुंडात स्नान करणे त्याच्या स्वतःच्या व इतरांच्याही दृष्टीने अहितकारक होय. बेल्त्स हयात असते तर त्यांनी हेच सांगितले असते, कारण जाणत्याच्या देखरेखीखाली स्नान व्हावे हाच त्यांचा आयुष्यभराचा आग्रह होता.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? आपल्याही घरांत, देवळांत आणि गावांत वडिलांनी जपलेले अनेक आचार आहेत. ते जुने आहेत एवढ्याच कारणाने काही जण त्यांना डोळे मिटून कवटाळतात, आणि तेवढ्याच कारणाने दुसरे काही जण ते उकिरड्यावर टाकावयास निघतात. दोघेही त्यांच्याकडे नीट पाहत नाहीत. बेल्त्स यांनी परक्यांच्या आचाराकडे आदराने पाहिले, तपासून पाहिले, जे हितकर होते त्याची महती सांगितली आणि जे सदोष होते ते सुधारण्याचा मार्ग दाखविला. परक्याला जे साधले ते आपल्याला आपल्याच वारशाविषयी का साधू नये? पुढील वेळी आपण एखाद्या कुंडावर स्नानास जाऊ, तेव्हा देवतेस नमस्कार करावा, कुंडाचे पाणी आपल्या हातून मलिन होणार नाही याची काळजी घ्यावी, आणि भैषज्यगुरूच्या गावी निष्ठेने राबलेल्या या सद्वैद्याचेही क्षणभर स्मरण करावे. त्यांच्या पुण्यस्मृतीस विनम्र अभिवादन असो.